कंपनी बुडवायला आमची हरकत

आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात जो पाण्याचा टँकर यायचा, त्याच्यावर महादेवाचं नाव वीतभर होतं आणि चेअरमनचं हातभर. टाकीच्या दोन्ही अंगांना, लाल रंगात. बोअर त्यांच्या तेलाच्या कंपनीचं, टँकर कंपनीचा, डिझेल कंपनीचं; पुण्य तेवढं चेअरमनचं. घागरी भरून झाल्या की गल्लीतल्या बायका त्या टाकीला हात जोडायच्या. मीही एकदा जोडले होते, खोटं कशाला सांगू.

लातूरला तेव्हा दोन गोष्टी पाठोपाठ आल्या, आधी जिल्हा आणि मग दुष्काळ. जिल्हा झाला तेव्हा फेटे, फटाके, पेढे, सगळं झालं. उस्मानाबादच्या कचेरीचे हेलपाटे संपले म्हणून माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आता नळाला रोज पाणी येणार, असं कुणीतरी भाषणातही सांगून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात नळ आठ दिवसांनी यायला लागला, आणि तोही चूळ भरून टाकल्यासारखा. पाट्या मात्र झपाट्यानं बदलल्या होत्या. पाटी बदलायला पाणी लागत नाही.

आमचं बारदानाचं दुकान होतं, गंजगोलाईच्या मागच्या बोळात. बारदान म्हणजे पोती. नवी पोती कलकत्त्याकडून यायची, जुनी आम्ही आडतीवरून गोळा करायचो, झटकायचो, फाटलेली शिवायचो आणि गिरण्यांना द्यायचो. मी मुखेडची. मॅट्रिक झाले होते आणि त्याचा सासरी कुणाला काही उपयोग वाटत नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या हातात सुतळी आणि दाभण आलं, दुसऱ्या वर्षी दुकानाची कागदपत्रं आली, कारण आमच्या ह्यांना कागद पाहिला की झोप यायची.

आमचे हे भले होते. इतके भले की लोकांना त्याचा फायदा घ्यायला लाज वाटायची नाही. सकाळी लिंगपूजेला बसले की तासभर उठायचे नाहीत, आणि दारात वसुलीची बोलणी चाललेली असली तर दीड तास. "शिवा बघून घेतो सगळं," म्हणायचे. शिवाला एवढंच काम होतं.

चेअरमनची करडईच्या तेलाची मिल गावाबाहेर होती. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. पेंड भरायला पोती आमची जायची. सुरुवातीची काही वर्षं पैसे वेळेवर आले. मग महिना थांबा, मग दोन महिने थांबा, असं करत अकरा महिन्यांच्या मालाचे पैसे अडकले. मी गेले की चेअरमन चहा मागवायचे आणि म्हणायचे, "ताई, दुष्काळ हाय. मी तरी काय करू?" आणि हे म्हणताना मागच्या भिंतीवर त्यांचा शाल पांघरलेला नवा फोटो असायचा, टँकरसमोर काढलेला.

शेवटी मी लातूरच्या कोर्टात दावा लावला. ह्यांची सही मी घेतली, पूजा आटोपल्या आटोपल्या, हात ओले असताना. आमचे वकील पन्नाशीचे होते, पान खाणारे, अशिलाला घाबरवण्यापेक्षा हसवणारे. त्यांनी पहिल्याच तारखेला हुकूम मिळवला की दावा चालू आहे तोवर मिलमधली यंत्रं विकायची नाहीत, हलवायची नाहीत. चेअरमनला हे झोंबलं. आठ दिवसांनी रस्त्यात भेटले तर मला ओळखलंच नाही. टँकर मात्र येत राहिला. माणसाला पुण्य एकाएकी बंद करता येत नाही, लोक बघतात.

मग एके दिवशी वकिलांनी दुकानात निरोप पाठवला, ताबडतोब या. मी गेले. त्यांच्या टेबलावर औरंगाबादचा तीन दिवसांचा शिळा पेपर होता. टेंडरांच्या आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींमध्ये एक चौकोन त्यांनी लाल शाईनं घेरला होता.

"वाचा," म्हणाले.

मी वाचलं. अमुक कंपनी नादार झाली आहे, ती बंद करून तिची मालमत्ता सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावी, असा अर्ज नांदेडच्या एका फर्मनं हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात केला आहे. फर्मचे पैसे कंपनीकडे थकले आहेत. ज्या कोणा धनकोला अर्जाला पाठिंबा द्यायचा किंवा विरोध करायचा असेल, त्यानं सुनावणीच्या पाच दिवस आधी कळवावं.

"धनको म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही. ज्याचं येणं आहे तो."

मला हसूच आलं. पायात झिजलेली चप्पल, पदराला सुतळीचे तंतू, आणि कायद्यात आमचं नाव धनको!

"पण हे चांगलंच की," मी म्हटलं. "दुसऱ्याचेही पैसे बुडवलेत म्हणायचे. कोर्टानं कंपनी विकावी आणि सगळ्यांना वाटून टाकावं."

वकिलांनी पान थुंकलं. "फर्मचा मालक कोण, माहिताय? चेअरमनचा मेहुणा."

मग त्यांनी मला तो सगळा डाव समजावून सांगितला. हायकोर्टानं एकदा कंपनी बुडीत काढली की खालच्या कोर्टातले सगळे दावे जागच्या जागी थांबतात. आमचाही थांबणार, यंत्रं न हलवण्याचा हुकूमही गेला. मग ज्याचं येणं असेल त्यानं औरंगाबादला जाऊन रांगेत उभं राहायचं. रांगेत सगळ्यात मोठा आकडा मेहुण्याचा, म्हणून वाटणीतला मोठा घासही त्याचा. आणि यंत्रांचा लिलाव होईल तेव्हा तीच यंत्रं पडत्या भावात घ्यायला मेहुणाच उभा राहणार. चेअरमनच्या बायकोच्या नावानं नवी कंपनी चार महिन्यांपूर्वीच काढून झालेली आहे.

"म्हणजे हे स्वतःच स्वतःला बुडवून राहिलेत?"

"हाव. आणि बुडताना तुमच्या डोक्यावर पाय देऊन वर यायचा इरादा आहे."

"मग आपण काय करायचं?"

"इथं लिहिलंय की," त्यांनी लाल चौकोनावर बोट ठेवलं. "विरोध करायचा. हा अर्जच खोटा आहे, कंपनीवर ही कारवाई सुरूच होऊ नये, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. कळवायला दिवस मात्र आठच उरलेत."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हायकोर्ट म्हणजे लई मोठं. आपण पोत्यावाले."

"पोत्यावाले म्हणूनच म्हणते. पोत्याला भोक कुठं आहे ते आपल्याला कळतं."

त्यांनी सही केली. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

दोन दिवसांत चेअरमनचा मुनीम गल्लीत आला, हातात टाइप केलेला कागद घेऊन. ज्यांची ज्यांची कंपनीकडे बाकी होती त्या सगळ्यांकडे तो फिरत होता. कागदावर लिहिलं होतं की आम्ही खाली सही करणारे धनको ह्या अर्जाला राजीखुशीनं पाठिंबा देत आहोत. मालट्रकवाल्यानं सही केली होती. कोळसेवाल्यानं केली होती. चाकूरच्या एका आडत्यानं तर अंगठ्यासारखी दाबून सही केली होती, शाई पसरलेली. सगळ्यांना एकच वचन दिलं होतं, नवी कंपनी सुरू झाली की तुमचं आधी बघू. ज्या माणसानं जुन्या कंपनीत बुडवलं तो नव्या कंपनीत आधी बघणार! आणि आमचे व्यापारी, जे आठ आण्याच्या सुतळीसाठी तासभर घासाघीस करायचे, त्यांनी ह्या वचनावर विश्वास ठेवला.

मुनीम म्हणाला, "ताई, सगळ्यांनी केलीय. तुमच्या एकट्यानं काय होतंय?"

"मग माझी सही कशाला लागते?"

कागदाची घडी घालत तो म्हणाला, "चेअरमनसाहेबांचं गल्लीवर लई प्रेम हाय. पाण्याचं तुम्ही बघताच."

मला तेव्हा समजलं नाही. दुसऱ्या दिवशी समजलं. टँकर आला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला, ड्रायव्हरनं खाली मान घातली आणि गाडी पुढच्या गल्लीत नेली. तिसऱ्या दिवशीही तेच. पन्नास घागरींची रांग उन्हात तापत राहिली.

गल्लीतल्या बायकांना कारण कळायला फार वेळ लागला नाही, मुनीमानं ते सांगितलंच असणार. ज्या माझ्या हातचं पुरण चाखून जायच्या, त्या मला बघून तोंड फिरवायला लागल्या. एकीनं तर माझ्या दारात रिकामी घागर आणून आपटली. "तुमच्या पोत्यांपायी आमची लेकरं तहानेनं मरायची का?" मला राग आला, आणि त्याहून जास्त किळस आली. तिची नव्हे. पाण्याचा असा लगाम करणाऱ्याची, आणि त्याला दानशूर म्हणून हार घालणाऱ्या गावाची. कंपनीच्या बोअरचं पाणी म्हणजे आमच्यासारख्यांच्या बुडालेल्या पैशांचं पाणी, हे मी तिला सांगितलंही. पण घागर रिकामी असताना असल्या गोष्टी कानात शिरत नाहीत.

त्या संध्याकाळी आमचे हे सायकल घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, भांडणाला कंटाळून देवळात गेले. तासाभरानं आले तर कॅरिअरला दोन्हीकडे दोन डबे, पाण्यानं भरलेले. स्टेशनच्या पलीकडं एका मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं, मळेवाला त्यांच्या ओळखीचा होता. एक डबा घरात ठेवला आणि दुसरा त्या घागर आपटणाऱ्या बाईच्या दारात ठेवून आले. दुसऱ्या दिवसापासून रोज चार खेपा करायला लागले. लिंगपूजा पंधरा मिनिटांवर आली.

मधल्या काळात वकिलांनी विरोधाची नोटीस वेळेत पोचवली होती आणि मेहुण्याच्या अर्जाची नक्कल मागवली होती. ती आली तेव्हा मी ती घरी आणली आणि दुपारी दुकान शांत असताना वाचायला बसले. इंग्रजी मला अडखळत यायचं, पण जोडलेली बिलं मराठीत होती. आणि बिलं कशाची होती? पोत्यांची. मेहुण्याच्या फर्मनं कंपनीला हजारो पोती पुरवली म्हणे. मी कपाळावर हात मारला. चोरी करायची तीही माझ्याच दुकानातली! त्या वर्षी मिलमध्ये आमच्याशिवाय कुणाचं पोतं गेलं नव्हतं. पण नव्हतं म्हणून नव्हतं असं कोर्ट कसं मानणार?

समोर ह्यांनी आमची जुनी बिलबुकं काढून ठेवली होती. जिल्हा बदलला तेव्हा आमच्याकडे छापील बिलबुकांचा अख्खा गठ्ठा पडून होता, 'जि. उस्मानाबाद' छापलेला. टाकवेना म्हणून प्रत्येक पानावर ते खोडून ह्यांनी हातानं 'लातूर' लिहिलं होतं. कितीतरी दिवस ते काम चाललं होतं. मी त्या खोडलेल्या अक्षरांकडे बघितलं, मग मेहुण्याच्या बिलांकडे बघितलं, आणि माझं बोट खालच्या शिक्क्यावर थांबलं.

प्रत्येक बिलाखाली कंपनीचा शिक्का होता. 'माल मिळाला', खाली सही, आणि शिक्क्यात कंपनीचं नाव, पत्ता, लातूर, जि. लातूर. आणि बिलांवरची तारीख होती जिल्हा होण्याच्या पाच महिने आधीची.

मी उठून पत्र्याच्या पेटीतून आमच्या पावत्या काढल्या. त्याच महिन्यात आम्ही कंपनीला दिलेल्या मालाच्या. खाली तोच 'माल मिळाला', आणि शिक्क्यात जि. उस्मानाबाद. एक नाही, सात पावत्या.

वकिलांकडे मी जवळजवळ पळतच गेले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले, चष्मा काढला, पुसला, परत बघितले. मग इतके हसले की पान घशात अडकलं.

"मूर्ख," म्हणाले. "खोटं करायला बसले आणि शिक्का टेबलावरचाच उचलला."

तरी मला राहवेना. नांदेडची ती फर्म तरी आहे का, हे डोळ्यांनी बघायचं होतं. मुखेडला भावाकडे गेले आणि त्याला घेऊन एस.टी.नं नांदेड गाठलं. पत्ता वजिराबादेतला होता. विचारत विचारत गेलो, तर तिथं दुकान नव्हतंच. एक जुनं घर, ओसरीवर बाजेवर शेवया वाळत घातलेल्या आणि एक म्हातारी कावळे हाकत बसलेली.

"बारदानाची फर्म हीच का?" भावानं विचारलं.

"कशाची?"

"पोत्यांची, आजी."

"पोती कामून लागतात तुमाला? दोन हायत, पण त्यात जवारी हाय." मग तिला काहीतरी आठवलं. "आमचे जावई सिमेंटच्या एजन्सीत हायत. त्यांची पत्रं येतात इथं कधी कधी. पोत्याचं कायी न्हाई बाबा."

जावई म्हणजे अर्थातच मेहुणा. हजारो पोती ठेवायला त्या घरात जागा नव्हती, शेवयांनाच पुरत नव्हती. आम्हाला म्हातारीनं गूळ-पाणी दिलं, त्या पाणीटंचाईत. तिचं नाव मी कोर्टात घेऊ दिलं नाही. वकील म्हणाले, गरजही नाही.

सुनावणीला मी आणि वकील गेलो, सोबत वकिलांची बायको, कारण बाईमाणूस एकटं परक्या पुरुषाबरोबर कसं जाणार, आणि शिवाय त्यांना वेरूळच्या घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. सकाळच्या गाडीनं निघालो. अंबाजोगाई, बीड, गेवराई, आणि दोन्ही बाजूला पिवळी पडलेली जमीन. खंडपीठही तेव्हा नवंच होतं, आमच्या जिल्ह्यासारखं, खोल्यांना चुन्याचा वास येणारं.

चेअरमननं मुंबईचा वकील आणला होता. बुडालेल्या कंपनीला मुंबईचा वकील परवडतो, हे मी तिथं शिकले. चेअरमन आणि मेहुणा एकाच बाकावर बसले होते, मध्ये एक डबा. कागदावर एक मारेकरी आणि एक मरणारा, आणि मधल्या डब्यातून दोघं दशम्या खात होते.

आत सगळं इंग्रजीत चाललं. मी मागे उभी होते. मला फक्त "लातूर" आणि "उस्मानाबाद" हे दोन शब्द ऐकू येत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आमच्या वकिलांनी सात पावत्या पुढे केल्या. मुंबईच्या वकिलाचा आवाज आधी चढला, मग उतरला. न्यायमूर्ती एकदा हसल्यासारखे वाटले, पण ते हसू चांगलं नव्हतं. चेअरमननं तेवढ्यात मागे वळून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं असेल.

बाहेर कँटीनमध्ये वकिलांनी सगळं मराठीत सांगितलं.

"मुंबईवाला म्हणाला, जिल्हा व्हावा ही जनतेची जुनी मागणी होती, म्हणून कंपनीनं उत्साहाच्या भरात शिक्का आधीच बनवून घेतला होता."

"मग?"

"न्यायमूर्ती म्हणाले, उत्साह ह्या फर्मच्या बिलांवरच का आला? त्याच आठवड्यात पोतेवाल्या बाईंच्या पावत्यांवर उस्मानाबाद आहे. म्हणजे सोमवारी उत्साह होता आणि गुरुवारी गेला?"

वकिलांच्या बायकोनं चहा खाली ठेवून टाळी दिली. मी मात्र विचारलं, "आणि त्या बाकीच्यांचे पाठिंब्याचे कागद?"

"ते बघितले त्यांनी. म्हणाले, धनको काय म्हणतात ते कोर्ट ऐकतं. पण किती जण म्हणतात ते मोजून नव्हे, का म्हणतात ते बघून."

अर्ज फेटाळला गेला, खर्चासकट. निकालात लिहिलं होतं की हे येणं खरं असल्याचं दिसत नाही, आणि अर्जदार आणि कंपनी यांची मिलीभगत दिसते. खोटी कागदपत्रं केल्याबद्दल पुढे योग्य ती कारवाई होऊ शकते, असंही एक वाक्य होतं. ते वाक्य फार सुंदर होतं. त्याचं पुढे काहीही झालं नाही. मेहुणा सिमेंट विकत राहिला. चेअरमन पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या कुठल्याशा पाणी समितीवर गेले. पाणी समितीवर! त्यांच्या सत्काराचं बोलावणं आमच्या दुकानातही आलं होतं. मी ते पोत्याचं भोक बुजवायला आतून लावलं.

गावानं मात्र रंग बदलायला दोन दिवस घेतले. मालट्रकवाला पेढे घेऊन आला, म्हणाला आपण सगळ्यांनी मिळून जिरवली. कोळसेवाल्यानं सांगितलं की त्यानं सही मनापासून केलीच नव्हती. चाकूरच्या आडत्यानं निरोप पाठवला की ती सही त्याची नव्हतीच. टँकर परत गल्लीत थांबायला लागला तशी बायकांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मी कुणाला काही म्हटलं नाही. म्हणण्याच्या लायकीचं कुणी वाटलं नाही, हे खरं कारण.

आमचा लातूरचा दावा चालू राहिला आणि दोन वर्षांनी हुकूमनामा झाला. यंत्रं जागेवर होती म्हणून चेअरमनला ती सोडवून घेण्यासाठी पैसे कोर्टात भरावे लागले. मुद्दल मिळालं, व्याजाला त्यांनी अपील केलं आणि ते व्याज अजून मिळायचं आहे.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती सांगताना माझी मान एवढी ताठ राहत नाही.

मिलच्या यंत्रांची दुरुस्ती करणारा एक लेथवाला मिस्त्री होता. आमच्या दुकानापासून चार घरं सोडून त्याचं वर्कशॉप आणि मागंच घर; त्या बोळात टँकर वेगळा थांबायचा. त्याचंही वर्षभराचं काम कंपनीकडे थकलं होतं. मी विरोध करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी त्याच्याकडे गेले होते. "मिस्त्री, दोघं मिळून जाऊ," म्हटलं. तो हो म्हणाला. आठवड्याभरानं मुनीम परत आला तेव्हा त्याच्या कागदावर मिस्त्रीची सही मी माझ्या डोळ्यांनी बघितली. औरंगाबादला निघायच्या दिवशी तो एस.टी. स्टँडवर भेटला. काही बोलायला आला होता. चार माणसांसमोर मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, लेथवर दुसऱ्याचा लोखंडी कणा सरळ करता तुम्ही. स्वतःचाही एकदा लावून बघा."

लोक हसले. मला बरं वाटलं. वर्षभर मी ते वाक्य लोकांना ऐकवत होते.

आमचे पैसे आल्यावर एका दुपारी तो दुकानात आला. कागदांची पिशवी काखेत. वकिलांकडे जाऊन आला होता. त्यांनी सांगितलं होतं की आता दावा लावायची मुदत गेली. नव्या कंपनीत तुमचं आधी बघू, ह्या वचनावर तो तोवर थांबला होता. त्याला माझ्याकडून काही नको होतं, फक्त कुणाला तरी सांगायचं होतं, आणि मला वाटतं मलाच सांगायचं होतं.

"वैनी," म्हणाला, "मी त्या दिवशी स्टँडवर सांगायला आलतो. तुमच्या नादी लागल्याचं मुनीमाला कळलं आन् तिसऱ्या दिवशी टँकर आमच्या दारावरून फुडं गेला. बायको बाळंतीण होती. अकरा दिवसांची. घरात दुसरं माणूस न्हाई. मी लेथ बंद ठेवून पाणी आणू, का बाजेवरच्या माणसाला बघू? सही केली, टँकर थांबला."

मी म्हटलं, "मला सांगायचं होतं."

"सांगायलाच आलतो."

हे आतून आले, त्याला बसायला पोतं टाकलं आणि त्याच्याजवळ बसले. मला आठवलं, सायकलवरून पाण्याच्या चार खेपा होत होत्या तेव्हा मी एकदाही ह्यांना म्हटलं नव्हतं की एक डबा मिस्त्रीच्या दारात ठेवा. उलट सही दिसल्यावर त्याच्या दाराकडे बघूच नका, असं बजावलं होतं. हे माझं ऐकायचे, तेही त्यांनी ऐकलं.

मी त्याच्यासाठी वकिलांकडे परत गेले. मुदतीला काही वाट निघते का, म्हणून विचारलं. वकील म्हणाले, कंपनीनं मधल्या काळात लेखी बाकी कबूल केली असेल तर निघेल. मिस्त्रीकडे तसा कागद नव्हता. मी चेअरमनच्या ऑफिसात गेले, इतक्या वर्षांनी, आणि मिस्त्रीची बाकी लिहून द्या म्हणून मागितली. त्यांनी चहा मागवला.

"ताई, तुमचं तुमाला मिळालं की. दुसऱ्याची फिकीर कशाला?"

मी चहा न घेता उठले. मिस्त्रीला शेवटी काहीच मिळालं नाही. वर्षभरानं तो वर्कशॉप विकून अहमदपूरला गेला, तिथं मार्केट यार्डाजवळ लेथ टाकला. आमच्या दुकानातल्या वजनाच्या काट्याचं काम निघालं की हे अजून त्याच्याकडेच नेतात, एस.टी.च्या टपावर काटा टाकून, लातुरात दहा मिस्त्री असताना. मी एकदाही सोबत गेले नाही.